चिमूटभर खसखस

आधी टूथब्रशने घासलं.
मग पेरॉक्साइड, सिरिंजने, थेंब थेंब.
फार्मसीत काम करते मी, थेंब मोजायचा हात बसलेला आहे.
मग तीन दिवस टाकीवर काळं ब्लँकेट,
आत निऑन मासे आणि झिंगे,
बाहेर मी, घरात कुणी आजारी असल्यासारखी
पाय न वाजवता चालणारी.
चौथ्या दिवशी ब्लँकेट काढलं.
शेवाळ होतंच.
अनुबियासच्या पानांच्या कडेला, लाकडाच्या पोटाखाली,
काळं, केसाळ,
दाढीचे खुंट वाढलेल्या माणसासारखं
माझ्याकडे बघत.

त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे ओताकार कुपेत्स
तक्रार घेऊन आले:
पंपाची घरघर पाइपातून चढते
आणि रात्री त्यांच्या उशीत शिरते.
बूट दारात काढले, इथे सगळेच काढतात.
एकतीस वर्षं ओस्त्रावाच्या खाणीत होते.
कोळसा नाही काढला, वारा सांभाळला.
"कोळसा काय, बसल्या जागी असतो," म्हणाले,
"लक्ष वाऱ्यावर ठेवावं लागतं."

टाकीपाशी वाकले.
शेवाळाबद्दल चकार शब्द नाही.
विचारलं, "वारा येतो कुठून आणि जातो कुठे?"
मी म्हटलं, हे पाणी आहे.
"तेच ते."

शेजारचं छोटं सिलिंडर पाहून मात्र दचकले.
कार्बन डायऑक्साइड, मी सांगितलं,
झाडांसाठी, सेकंदाला दोन बुडबुडे.
"हा साचला की आम्ही हातातलं टाकून पळायचो,
आणि तू पैसे मोजून घरी आणतेस?"
हसले. हसण्याचा खोकला झाला.
खोकला बराच वेळ चालला.
मी तेवढा वेळ मासे मोजले. अकरा.

ओट्यावर रविवारच्या केकसाठी दळलेली खसखस होती.
न विचारता चिमूट उचलली
आणि पाण्याच्या तोंडाशी सोडली.
करडे कण सुसाट निघाले,
वरच्या वर समोरच्या काचेला आपटून
वरच्या वरच परत पंपाकडे.
थोडे चुकार कण लाकडामागे गेले,
घुटमळले,
आणि एकेक करून बसले
नेमके त्याच पानांवर.
"मेलेला कोपरा," ओताकार म्हणाले.
"माणसं अशाच ठिकाणी..."
वाक्य तिथेच सोडून बाह्या वर केल्या.

फिल्टरचा स्पंज निघाला तो चिखलाचा गोळाच.
टाकीच्याच पाण्यात पिळला, बादलीत, तीनदा.
लाकूड काचेपासून वीतभर पुढे ओढलं.
पाण्याचं तोंड मागच्या कोपऱ्याकडे वळवलं, जरासं खाली.
दाटलेली वॅलिस्नेरिया विरळ केली, सडकी पानं माझ्या कात्रीने.
दिवा दहा तासांवरून सहावर.
मग पुन्हा खसखस.
या वेळी ती सगळीकडे फिरून आली,
आणि लाकडामागचं एक पान हललं,
नको नको म्हणत होकार देतात तेवढंच.

दुसऱ्या आठवड्यात काहीच झालं नाही.
वर जाऊन भांडावंसं वाटलं.
तिसऱ्यात काळे केस आधी तांबूस, मग राखाडी झाले,
आणि झिंग्यांनी ते खायला घेतले,
पंगतीला उशिरा पोचल्यासारखे, भराभर.
दगडामागे थोडं शेवाळ अजून आहे.
त्याला मी ब्रश लावत नाही.

पंपाची घरघरही थांबली,
ती म्हणे तुंबलेल्या स्पंजाचीच होती.
म्हणजे आता ओताकारना तक्रार नाही.
तरी ते गुरुवारी येतात,
खिशात कागदाच्या पुडीत खसखस.
बसण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी
दोन बोटं उघडतात, जानेवारीतसुद्धा.
मी कधी कारण विचारलं नाही.
स्वेटर घालते
आणि चहा ठेवते.